ब्रेक नसलेली होडी: सी-प्लेन शिकताना कळलेले तळ्यावरचे नियम

अमेरिकेतल्या सिॲटल शहराच्या लेक युनियन या तळ्यावर उन्हाळ्यातल्या शनिवारी दुपारी पाण्यापेक्षा होड्याच जास्त दिसतात. भाड्याच्या विजेवरच्या बोटी, कयाक, उभ्याने वल्हवायच्या फळ्या, शिडाच्या होड्या. आणि या सगळ्यांच्या मधून, तळ्याच्या उत्तर-दक्षिण मध्यरेषेवर, दिवसभर सी-प्लेन उठत-उतरत असतात. इथली मराठी मंडळी भारतातून आई-वडील आले की त्यांना हमखास या तळ्यावर बोटीतून फिरवायला नेतात, आणि समोरून विमान पाण्यावर टेकताना दिसलं की बोटीतला प्रत्येकजण एकच प्रश्न विचारतो: आता वाट कोणी द्यायची?

या प्रश्नाचं उत्तर विमानाच्या बाजूने देतो आहे. जमिनीवरच्या विमानाचा परवाना हातात असताना त्याला सी-प्लेनची जोड कशी घेतात आणि त्या शिक्षणात होड्यांबरोबर राहायचं कसं शिकवतात, हे टप्प्याटप्प्याने लिहिलं आहे. बोटवाल्यांनी काय करावं, तेही त्यातच आलं आहे, कारण पायलटला काय दिसतं आणि काय दिसत नाही हे कळल्याशिवाय त्या सूचनांना अर्थ नाही.

अमेरिकेत खासगी पायलटच्या परवान्यावर एक इंजिनाच्या सी-प्लेनची नोंद करून घ्यायला वेगळी लेखी परीक्षा नाही. किमान तासही कायद्याने ठरवलेले नाहीत. प्रशिक्षकाने तयारी झाल्याची सही द्यायची आणि मग परीक्षकासमोर तोंडी आणि प्रत्यक्ष परीक्षा. बहुतेकांचं शिक्षण पाच ते दहा तासांच्या उड्डाणात होतं, म्हणून कित्येकांना हे दोन-तीन दिवसांचं सुट्टीतलं काम वाटतं. हवेतला भाग खरोखरच सोपा आहे. फ्लोटमुळे, म्हणजे चाकांऐवजी विमानाखाली बसवलेल्या दोन पोकळ तरंगत्या होडक्यांमुळे, विमान थोडं जड आणि थोडं संथ होतं, इंजिन बंद पडलं तर जास्त तीव्र उताराने खाली येतं, एवढाच फरक. वेळ जातो तो पाण्यावर.

पहिला धडा धक्क्यावरच सुरू होतो, पंपाने. प्रत्येक फ्लोट आतून किमान चार बंद कप्प्यांत विभागलेला असतो, आणि कोणत्याही एका फ्लोटचे दोन कप्पे पाण्याने भरले तरी विमान उलटू नये अशी रचना असावी लागते. दोन्ही फ्लोट मिळून विमानाच्या कमाल वजनाच्या १८० टक्के वजन तरंगवू शकतात, म्हणजे ८० टक्के जास्तीचा आधार. तरी रिव्हेटच्या सांध्यांतून पाणी झिरपतंच. प्रत्येक कप्प्याच्या वर एक रबरी चेंडूचं बूच असतं. ते काढायचं, हातपंप लावायचा आणि पाणी यायचं थांबेपर्यंत उपसायचं. किती वेळा पंप मारला हे कप्प्यागणिक मोजायची सवय लावतात. काल चार वेळा मारला होता आणि आज तीस वेळा मारावा लागला, तर तो कप्पा कुठेतरी फाटला आहे. बूच नीट बसलं नाही तर उठतानाच्या फवाऱ्याने तोच कप्पा भरतो. मागच्या कप्प्यात पाणी राहिलं तर वजनाचा तोल मागे सरकतो, शेपटी जड होते, आणि हे कळतं ते विमान पाणी सोडायला तयार नसतं तेव्हा. म्हणून हे काम कंटाळवाणं वाटलं तरी टाळायचं नाही.

दोर सोडला की विमान होडी झालं. हे अलंकारिक बोलणं नाही. जलवाहतुकीच्या नियमांत 'जलयान' या शब्दाच्या व्याख्येतच सी-प्लेन येतं. मात्र या होडीला ब्रेक नाहीत आणि मागे जाण्याचा गिअर नाही. इंजिन सुरू झाल्या क्षणापासून ती पुढे सरकू लागते, अगदी संथ फेऱ्यांवरही माणूस झपाझप चालेल त्यापेक्षा जास्त वेगाने. त्यामुळे इंजिन सुरू करण्याआधीच पुढचा सगळा मार्ग मोकळा आहे का ते बघायचं. कयाकवाला समोरून जात असेल तर तो पूर्ण बाजूला होईपर्यंत दोर हातात धरून उभं राहायचं. जमिनीवर शिकलेल्या पायलटला इंजिन सुरू करून, थांबून, रेडिओ लावून, यादी वाचून मग निघायची सवय असते. ती इथे पहिल्याच दिवशी मोडावी लागते.

दिशा देण्यासाठी फ्लोटच्या मागच्या टोकाला छोटी पाण्यातली सुकाणू असतात, पायातल्या पेडलला जोडलेली. ती फक्त संथ चालताना खाली सोडायची. वारा जोराचा असला की तीही अपुरी पडतात, कारण विमानाची शेपटी उभ्या पंखासकट वातकुक्कुटासारखी वागते आणि नाक वाऱ्याकडे वळवते. बोटवाल्याला हे माहीत नसतं. त्याला वाटतं, एवढं मोठं इंजिन आहे, वळेल की. प्रत्यक्षात पंधरा-वीस नॉटच्या (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर) वाऱ्यात वाऱ्याकडे पाठ करून वळणं हे कित्येकदा शक्यच होत नाही. मग पायलट इंजिन जवळजवळ बंद करतो, सुकाणू वर घेतो आणि विमान वाऱ्याने मागे वाहू देतो. हातातला कंट्रोल डावीकडे आणि पाय उजव्या पेडलवर ठेवला की विमान मागे आणि डावीकडे सरकतं. उलट केलं की उजवीकडे. याला सेलिंग म्हणतात आणि परीक्षेत ते करून दाखवावं लागतं. सी-प्लेन मागे-मागे सरकताना दिसलं तर ते बिघडलेलं नसतं. पण पायलटचं तोंड पुढे आहे आणि मागचं त्याला फारसं दिसत नाही, हे ध्यानात ठेवून त्याच्या शेपटीमागून होडी नेऊ नये.

आता नियम. दोन ठिकाणचे नियम एकाच वेळी लागू होतात आणि शिकताना इथे गोंधळ होतो. विमानांच्या नियमावलीतलं कलम ९१.११५ सांगतं की पाण्यावरच्या विमानाने शक्य तितकं सर्व जलयानांपासून दूर राहावं आणि त्यांच्या वाटेत अडथळा आणू नये. त्याच कलमात पुढे तपशील आहे. दोघांचे मार्ग एकमेकांना छेदत असतील तर जो दुसऱ्याच्या उजवीकडे आहे त्याचा हक्क. समोरासमोर आले तर दोघांनी उजवीकडे वळायचं. मागून ओलांडणाऱ्याने बाजूने, पुरेसं अंतर ठेवून जायचं. जलवाहतुकीच्या नियमांतला अठरावा नियम म्हणतो की सी-प्लेनने साधारणपणे सगळ्यांपासून दूर राहावं, मात्र टकरीचा धोका उभा राहिलाच तर बाकीच्या नौकांना लागू असलेले वळण्या-थांबण्याचे नियम सी-प्लेनलाही लागू.

या दोन्हींचा मेळ प्रशिक्षक असा घालून देतात: उतरंड डोळ्यासमोर आणा. इंजिनाची होडी शिडाच्या होडीला वाट देते, शिडाची होडी जाळं टाकलेल्या मच्छीमार नौकेला, मच्छीमार नौका वळायला असमर्थ असलेल्या नौकेला. त्या उतरंडीत सगळ्यात खालचं मडकं म्हणजे सी-प्लेन. त्यामुळे "मी त्याच्या उजवीकडे आहे, तो थांबेल" असा हिशेब पायलटने कधीच करायचा नाही. एक तर समोरचा माणूस तासाभरापूर्वी भाड्याने बोट घेऊन आलेला असू शकतो, त्याला हा नियमच माहीत नसतो. दुसरं म्हणजे त्याला विमानाचा वेग ओळखता येत नाही. पण बोटवाल्यांनीही एक गोष्ट समजून घ्यावी: अठराव्या नियमात 'साधारणपणे' हा शब्द आहे. पाण्यावर ५० नॉटने धावणारं विमान अचानक वळू शकत नाही. म्हणून हक्क तुमचा असला तरी ऐनवेळी त्याच्या पुढ्यात शिरणं हे नियमाचंही उल्लंघन ठरू शकतं, कारण टक्कर टाळण्याची जबाबदारी दोघांचीही असते.

लेक युनियनवर यासाठी एक चांगली सोय केली आहे. उन्हाळ्याच्या मोसमात तळ्याच्या मध्यरेषेवर उत्तर-दक्षिण असे पाच बोये, म्हणजे पाण्यावर तरंगत्या खुणा, नांगरतात. विमान उतरणार किंवा उठणार असेल तेव्हा त्यांच्यावरचे पिवळे दिवे लुकलुकू लागतात. दिवे दिसले की होड्यांनी बोयांच्या रेषेपासून पूर्वेला किंवा पश्चिमेला २०० फूट सरकायचं. ही विनंती आहे, सक्ती नाही, आणि दिवे नसताना तिथे होडी न्यायला काहीच हरकत नसते. बोट भाड्याने घेताना धक्क्यावरचा माणूस हे सांगतो, पण त्या वेळी सगळ्यांचं लक्ष जॅकेट घालण्यात आणि फोटो काढण्यात असतं. पाहुण्यांना घेऊन जाणाऱ्यांनी हा एक भाग जरूर नीट ऐकावा. आणि मंगळवारी संध्याकाळी उन्हाळ्यात इथे शिडाच्या होड्यांची 'डक डॉज' नावाची शर्यत असते, तेव्हा पायलटलाच वेळ बदलणं किंवा लेक वॉशिंग्टनवर जाणं शहाणपणाचं. शर्यतीतली होडी वारा सोडून बाजूला होऊ शकत नाही.

सी-प्लेन या तळ्यावर कालपरवा आलेलं नाही. बोइंगचं पहिलं विमान १५ जून १९१६ रोजी याच पाण्यावरून उडालं, आणि तेही फ्लोटवरचंच होतं. १९४६ पासून लेक वॉशिंग्टनच्या उत्तर टोकाला केनमोर इथे आणि पुढे लेक युनियनवर प्रवासी सी-प्लेनची सेवा चालू आहे. म्हणजे इथले शेजारी शंभर वर्षं एकमेकांना सांभाळून घेत आले आहेत.

उड्डाणाकडे वळू. उठण्याआधीची चार कामं बऱ्याच शिकवणाऱ्यांच्या तोंडी एका शब्दात बांधलेली असतात, 'कार्स': कार्ब्युरेटरची (इंजिनात बर्फ धरू नये म्हणून दिलेली) उष्णता बंद, एरिया म्हणजे परिसर मोकळा, रडर म्हणजे पाण्यातली सुकाणू वर, आणि स्टिक म्हणजे हातातला कंट्रोल पूर्ण मागे. होड्यांच्या दृष्टीने यातलं दुसरं काम सगळ्यात मोठं. पूर्ण ताकद दिली की विमानाचं नाक वर उठतं आणि पुढचे काही सेकंद पायलटला समोरचं काहीही दिसत नाही. इंजिनाचं झाकण क्षितिज झाकून टाकतं. त्यानंतर विमान स्वतःच निर्माण केलेल्या पाण्याच्या उंचवट्यावरून चढून फ्लोटच्या पायरीवर येतं, नाक खाली बसतं, आणि मग ते पाण्यावरून सरसर घसरू लागतं. फ्लोटच्या तळाला मध्यावर जी पायरी असते तिच्यावरून या अवस्थेला 'स्टेप' म्हणतात. त्या आंधळ्या काही सेकंदांत पाण्यातून डोकं काढलेला पोहणारा, बुटक्या कयाकमधला माणूस, फळीवर झोपून ऊन खाणारा, यांपैकी कोणीही दिसणार नाही. म्हणून ताकद देण्याआधी नाक डावी-उजवीकडे वळवून पूर्ण मार्ग नजरेखाली घालायचा. हलक्या विमानाला पाणी सोडायला साधारण हजार ते दोन हजार फूट लागतात. तेवढी पट्टी आणि दोन्ही बाजूंना मोकळी जागा मिळेपर्यंत थांबायचं. शंका आली तर पुन्हा फेरी मारून यायचं. तळ्यात घाई करणाऱ्या पायलटबद्दल प्रशिक्षक फार कडक बोलतात, आणि ते बरोबर आहे.

सुकाणू खाली राहिली तर काय होतं? वेगात ती आपटतात, त्यांच्या केबल तुटतात आणि दिशेवर विचित्र खेच येतो. ही चूक शिकणाऱ्यांच्या हातून वारंवार होते, कारण होड्यांकडे बघताना हात यादीवरून सुटतो.

होड्यांचा खरा त्रास होतो तो त्यांच्या मागे राहणाऱ्या लाटांचा. होडी केव्हाच निघून गेलेली असते, लाट मात्र बराच वेळ तळ्यात फिरते. लेक युनियनसारख्या ठिकाणी काठाला भिंती आहेत, त्यांच्यावर आपटून ती परत येते आणि दुसऱ्या लाटेला छेदते. तिथे अशी काही जागा तयार होते की बोटीतल्या माणसाला ती जाणवतही नाही, पण ४० नॉटने धावणाऱ्या फ्लोटला ती खडकासारखी लागते. नाक वर-खाली डोलू लागतं, आणि प्रत्येक डोलण्याला ते वाढत जातं. याला पॉर्पॉइझिंग म्हणतात. कंट्रोल वेळेवर मागे ओढून धरायचा आणि धरूनच ठेवायचा. दुसऱ्या डोलण्यापर्यंत शमलं नाही तर थ्रॉटल (इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारा दांडा) पूर्ण बंद, कंट्रोल घट्ट मागे, विमान पाण्यात बसू द्यायचं. डोलण्याच्या तालाला तालाने उत्तर द्यायला गेलं की फ्लोटचं टोक पाण्यात घुसतं. संथ चालताना लाट आली तर फेऱ्या कमी करायच्या आणि कंट्रोल मागे धरून नाक वर ठेवायचं. नाकावरच्या पंख्याच्या (प्रोपेलरच्या) पात्यांना पाण्याचा फवारा लागला तर धातूवर खड्डे पडतात. पावसाच्या थेंबाने दगड झिजावा तसं नाही, एका वाईट सकाळीच पातं खराब होऊ शकतं.

स्टेपवरून वळताना आणखी एक सापळा आहे. वारा पाठीवर घेऊन धावणारं विमान वाऱ्याकडे वळवलं तर वळणामुळे बाहेर फेकणारा जोर आणि वारा, दोन्ही एकाच बाजूला ढकलतात. बाहेरचा फ्लोट दबतो, पाण्यात बुडू लागतो, आणि विमान उलटण्यापर्यंत गोष्ट जाते. शांतपणे कोणी असं वळत नाही. समोर अचानक होडी आली म्हणून घाईने पाय दाबला जातो आणि मग हे घडतं. योग्य उत्तर वळणं हे नाही. थ्रॉटल मागे घ्यायचा, म्हणजे फ्लोट पाण्यात बसून स्वतःच ब्रेकचं काम करतात. सी-प्लेनला थांबवणारी एकमेव गोष्ट म्हणजे पाण्याचा विरोध.

उतरण्याआधी तळ्यावरून एक फेरी मारतात. नांगरलेल्या होड्यांची तोंडं वाऱ्याकडे असतात, शिडं झुकलेली असतात, वाऱ्याकडच्या काठालगत पाण्याची सपाट पट्टी दिसते. यांतून वारा कळतो. लाकडाचे तरंगते ओंडके, विजेच्या तारा, पोहणाऱ्यांचे घोळके यांकडे नजर. पायलटच्या दृष्टीने वायव्य अमेरिकेतली सगळ्यात वाईट वस्तू म्हणजे जवळजवळ उभा तरंगणारा, फक्त एक टोक पाण्याबाहेर काढलेला ओंडका. आपल्याकडे ९ डिसेंबर २०१७ ला गिरगाव चौपाटीवर सी-प्लेनची चाचणी झाली, ३१ ऑक्टोबर २०२० ला साबरमती ते केवडिया सेवा सुरू झाली, आणि धरणांच्या जलाशयांवर विमान उतरवण्याची चर्चा तेव्हापासून अधूनमधून होते. महाराष्ट्रातल्या धरणांत पाणी उतरलं की बुडालेल्या झाडांची खोडं वर येतात आणि मासेमारीची जाळी पसरलेली असतात. तिथे हे हवाई निरीक्षण इथल्यापेक्षा जास्त काटेकोर लागेल, आणि जाळं टाकणाऱ्या कोळ्याला वेळ आधी सांगणं हे शिष्टाचारापुरतं न ठेवता रोजच्या कामाचा भाग करावं लागेल.

निरीक्षणाची फेरी मारताना माणूस, होडी किंवा इमारत यांच्यापासून ५०० फूट अंतर राखावं लागतं. त्यापेक्षा जवळ फक्त उतरण्या-उठण्यासाठी जाता येतं. ओळखीच्या बोटीवरून खाली जाऊन हात हलवणं या सवलतीत बसत नाही.

आरशासारखं स्थिर पाणी बघून बोटवाला खूश होतो, पायलट सावध होतो. सपाट पाण्यावर उंची डोळ्याला कळत नाही. पंधरा फुटांवर आहोत की दीडशे, हे कुशल पायलटही सांगू शकत नाही. त्यामुळे तिथे डोळ्यावर विसंबून शेवटी नाक उचलायचं नाही. काठाजवळून, झाडं-दगड नजरेत ठेवून येतात, शेवटच्या ठळक खुणेजवळ नाक ठरावीक कोनात वर ठेवतात, थोडी ताकद देतात, आणि मिनिटाला जास्तीत जास्त १५० फूट अशा वेगाने खाली येत राहतात, फ्लोट पाण्याला टेकेपर्यंत. गणित करून बघा: १०० फुटांवरून उतरायला ४० सेकंद लागले, आणि ६५ नॉटने त्या ४० सेकंदांत विमान सुमारे ४,४०० फूट पुढे गेलं. म्हणजे कुठे टेकणार ते पायलटलाही आधी नक्की सांगता येत नाही. अशा शांत सकाळी काठालगत संथ येणारं विमान दिसलं तर त्याच्यापुढच्या जवळजवळ मैलभर पाण्यातून होडी काढू नये. एखादी बोट आधीच तिथून गेली असेल तर उलट मदत होते, तिने उठवलेल्या बारीक लहरींमुळे पृष्ठभाग दिसू लागतो.

चाकं आणि फ्लोट दोन्ही असलेल्या विमानांत पाण्यावर उतरताना चाकं वर असलीच पाहिजेत. चाकं खाली राहिली तर विमान पाण्याला टेकताच पुढे उलटतं. म्हणून पायलट मोठ्याने म्हणतो, "पाण्यावर उतरतोय, चाकं वर." एकटा असला तरी म्हणतो. प्रवाशांना आधीच सांगितलेलं असतं: दार कसं उघडतं, पट्टा कधी सोडायचा, आणि जॅकेट आत फुगवायचं नाही, बाहेर आल्यावरच फुगवायचं. आत फुगवलेलं जॅकेट माणसाला छताला चिकटवून ठेवतं.

उलटलेलं विमान दिसलं तर जवळची होडी हीच पहिली मदत असते, त्यामुळे बोटवाल्यांनी हे ठाऊक ठेवावं. इंजिनाची होडी फार जवळ न नेता इंजिन आधीच बंद करा, कारण माणसं पाण्याखालून कुठूनही वर येऊ शकतात. पाण्यावर पेट्रोल पसरलेलं असतं, सिगारेट आणि ठिणगी दूर. पंखाखाली आणि फ्लोटच्या मधे आधी बघा. आणि एरवी, सगळं ठीक असताना, विमानाकडे बघून दोन्ही हात वर-खाली हळूहळू हलवून अभिवादन करू नका. पाण्यावर तीच संकटाची खूण आहे. एक हात हलवला तर पायलटला आनंदच होतो.

बोटवाल्याकडून बाकी अपेक्षा थोड्याच आहेत. दिशा आणि वेग शक्य तितका स्थिर ठेवा, म्हणजे पायलटला तुमची पुढची जागा ताडता येते. विमान येताना दिसलं म्हणून घाबरून उलटसुलट वळणं हे सरळ जाण्यापेक्षा जास्त धोक्याचं. कयाकवाल्यांनी पसरून न जाता एकत्र आणि काठालगत राहावं. विमानाच्या मागोमाग शर्यत लावू नये. थांबलेल्या विमानाजवळ पुढून कधीही जाऊ नये, इंजिन बंद असलं तरी. मॅग्नेटो, म्हणजे इंजिनाला ठिणगी देणारं यंत्र, बंद करायचं राहिलं असेल तर पंखा हाताने थोडा हलला तरी इंजिन अचानक सुरू होऊन फिरू शकतं.

धक्क्यावर मदतीला उभे असलेल्यांनाही हेच लागू. पायलट वाऱ्याकडे तोंड करून येतो, इंजिन आधीच बंद करतो आणि उरलेल्या गतीने सरकत येतो. इंजिन उशिरा बंद केलं तर धक्क्याला ठोकर, लवकर केलं तर वारा मागे ढकलतो. हा अंदाज बसायला बरेच प्रयत्न लागतात. मदतनिसाने पंखाच्या खांबाला किंवा लोंबणाऱ्या दोराला हात घालायचा, शेपटीच्या हलणाऱ्या भागांना नाही. विमानाचा पंख धक्क्यावरून वरून जातो, त्यामुळे खुंट चालतात, पण दिव्याचा किंवा झेंड्याचा खांब पंखाला भिडतो. शेपटीचा आडवा पंख त्याहून खाली असतो आणि वळताना बेसावध माणसाच्या डोक्यावर येतो.

तळ्यावरून निघताना शेवटचं काम शेवाळाचं. सुकाणू दोन-तीनदा वर-खाली करून त्यांच्या केबलमधलं गवत सोडवायचं, फ्लोटवरची वनस्पती हाताने काढायची, आणि कप्प्यांतलं पाणी दुसऱ्या तळ्यात नेऊन ओतायचं नाही. मिनेसोटासारख्या हजारो तळ्यांच्या राज्यांत झेब्रा शिंपले एका तळ्यातून दुसऱ्यात पसरतात ते अशाच वाटांनी, आणि एकदा पसरले की काढता येत नाहीत. आवाजाचंही तसंच. सेस्ना १८५ उठताना इंजिनाच्या फेऱ्या मिनिटाला २,८५० असतात आणि पात्यांची टोकं कर्कश किंचाळतात. पाणी सुटून सुरक्षित उंची मिळाली की फेऱ्या कमी करायच्या, आणि सराव एकाच काठावर दहा वेळा करायचा नाही. पहाटे कोणाच्या खिडकीखाली तर नाहीच. तळ्यांवर सी-प्लेनला बंदी आणण्याची मागणी बहुतेक वेळा अपघातांमुळे नाही, आवाजामुळे होते.

परीक्षेच्या दिवशी परीक्षक आधी धक्क्यावरच प्रश्न विचारतो: शिडाची होडी डावीकडून येते आहे, मोटरबोट उजवीकडून, तुम्ही मधे, काय कराल? कलमाचा आकडा सांगून भागत नाही. वेग कधी कमी करणार, सुकाणू खाली की वर, वारा कुठून, हे सगळं विचारतो. मग संथ चालणं, नाक वर करून चालणं, स्टेपवर चालणं, सेलिंग. साधं, आरशासारख्या आणि खवळलेल्या पाण्यावरचं, आणि अपुऱ्या जागेतलं उठणं-उतरणं. खवळलेलं पाणी त्या दिवशी नसलं तर तोंडी समजावून सांगावं लागतं. परवाना मिळाला तरी एकट्याला सी-प्लेन भाड्याने देणारे फार थोडे, कारण विमा कंपन्या आधी बरेच तास मागतात. त्यामुळे पुढचे कित्येक महिने सराव प्रशिक्षकाबरोबरच होतो.

परीक्षेचा शेवटचा भाग नेहमी धक्क्यावर लागण्याचा. इंजिन बंद, शांतता, पाण्याचा फ्लोटवर होणारा आवाज तेवढा. परीक्षक काही बोलत नाही. पायलटने दार उघडून फ्लोटवर पाऊल ठेवण्याआधी मॅग्नेटोची किल्ली काढली का, आणि उतरताना दोर हातात होता का, एवढंच तो बघत असतो.